बेबीआत्याच्या घरातला वास

माझी आत्या पन्नाशी उलटून गेलेली बाई आहे आणि घरात तिला अजून बेबी म्हणतात. बाबा तिच्याहून मोठे, ते नुसतं बेबी म्हणतात. काका धाकटा, तो बेबीताई म्हणतो, आणि आम्हा पोरांची ती बेबीआत्या. पडदे शिवण्याच्या एका कारखान्यात ती कापड कापते. तिथे तिचं नाव कात्री आहे, आणि ते काही नुसतं हातातल्या हत्यारामुळे पडलेलं नाही. तिच्यापुढे मालकसुद्धा शब्द तोलूनमापून बोलतो. हीच बाई भावांसमोर आली की तिची धार कुठे जाते, हे कोडं मला लहानपणापासून पडलेलं होतं.

आजी पहिल्यापासून तिच्याकडेच राहते. आत्याने लग्न केलं नाही, आणि आमच्या घराण्यात त्याचा अर्थ असा लावला गेला की तिला दुसरं काही कामच नाही. आजीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. समज मात्र शाबूत राहिली, कानही तिखट. तेव्हापासून कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, चादरी धुवायच्या हे सगळं आत्याकडे. ती कामावर असते तेवढा वेळ एक बाई येऊन सांभाळते. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र आत्याची. बाबा आणि काका महिन्यातल्या एखाद्या रविवारी काकाच्या गाडीतून येतात, आई आणि काकूही असतात. आजीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून विचारतात, "काय आई, बरं आहे ना?" उत्तर यायच्या आत हॉलमध्ये जाऊन बसतात आणि चहा कधी होतोय याची वाट बघतात.

मी बाबांची मुलगी. नोकरी करते, राहते आईबाबांबरोबरच. त्यामुळे जे लिहिते आहे ते माझ्याच घरच्या माणसांबद्दल आहे आणि त्यांना आवडणार नाही, हे मला माहीत आहे.

गोष्ट सुरू झाली ती आत्याने सुट्टी मागितली तिथून. कारखान्यातल्या बायका दरवर्षी आठवडाभर समुद्रावर जातात. दरवर्षी त्यांच्या सामानाच्या पिशव्या आत्या उरलेल्या पडद्याच्या कापडातून शिवून देते, झिपा लावून, आतून अस्तर घालून. स्वतः कधी गेली नाही. या वर्षी तिने स्वतःसाठीही एक पिशवी शिवली. मग एका रविवारी सगळे चहा पीत असताना, कपबशा गोळा करता करता, आठवडाभर आईला तुमच्यापैकी कोणी सांभाळाल का, असं तिने विचारलं.

आत्या आजारी असती, तिचं ऑपरेशन असतं, तर बहुधा दिली असती सुट्टी, कुरकुरत का होईना. पण बाई मजा करायला म्हणून सुट्टी मागतेय हे कोणाच्या घशाखाली उतरेना. आणि तसं तोंडावर म्हणायची हिंमतही कोणात नव्हती. मग काकूने इकडेतिकडे पाहिलं, नाकाला पदर लावला आणि हळूच म्हणाली की आईंना आमच्याकडे न्यायला आमची काही ना नाही, किंवा आम्ही इथे येऊन राहायलाही तयार आहोत, पण तो वास.

झालं. बुडत्याला ओंडका मिळावा तसा सगळ्यांनी तो वास धरला. बाबा म्हणाले, त्यांचं डोकं चढतं. माझी आई म्हणाली, तिच्या कपड्यांना लागतो, घरी गेल्यावर आंघोळ करावी लागते. काकाने मोठ्या समजूतदारपणे निकाल दिला की बेबीताई, तू आधी त्या वासाचं काहीतरी बघ, एखादं चांगलंसं एअर फ्रेशनर लाव, मग कोण राहणार ते आम्ही बघतो.

आता वास होता, खोटं कशाला बोलू? अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत असतो तेवढा होता. मलमाचा, तेलाचा, ओल्या चादरीचा, कधी लघवीचा. पण तो असा होता की आत जाऊन आजीशेजारी थोडा वेळ बसलं की विसरायला व्हायचं. या लोकांना तो विसरता आला नाही, कारण ते कधी आत जाऊन बसलेच नाहीत.

आत्याने मात्र ते मनावर घेतलं. मला अजून त्याचाच जास्त राग येतो, की ती खरंच विश्वास ठेवून कामाला लागली. तिच्यासाठी हिशोब सरळ होता, वास गेला की सुट्टी. कारखान्यातून सुटल्यावर ती दुकानात जायची. मीही दोन-तीनदा बरोबर गेले. डब्यांच्या त्या रांगेसमोर उभी राहून ती एकेका डब्याच्या झाकणाशी नाक न्यायची आणि मला विचारायची, "हा तुझ्या बाबांना आवडेल का गं?" स्वतःला काय आवडतं हा विषयच नव्हता. आजीला काय आवडेल हेसुद्धा तिने पहिल्यांदा विचारलं आणि मग सोडून दिलं, कारण आजी म्हणाली होती, "खिडकी पुरे."

आधी तिने मोगऱ्याचा स्प्रे आणला. काकूला शिंका आल्या. मग जेलचा गुलाबी डबा आणून कपाटावर ठेवला. बाबा म्हणाले, बेबी, हे असं सिनेमा थिएटरच्या संडासात असतं. मग लिंबाचा. त्याने माझ्या आईला भांडी घासायच्या साबणाची आठवण आली. बाटलीत काड्या उभ्या करून ठेवायचा एक महागडा प्रकार आणला, तर काकाने विचारलं की ही अगरबत्ती पेटवायची विसरलीस का, आणि सगळे पोट धरून हसले. लॅव्हेंडर लावला तेव्हा बाबांनी दारातच सांगितलं की आता वासाच्या जोडीला आणखी एक वास झाला. दर खेपेला प्रत्येकाचं मत असायचं, सविस्तर आणि कारणांसकट. ज्या माणसांना आजीच्या गोळ्यांचं नाव ठाऊक नाही ती माणसं लॅव्हेंडर आणि जाई यांतला फरक मला समजावून सांगत होती. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघत होते.

सगळ्यांत वाईट होतं ते मशीन. आमच्या घरी तसं आहे. भिंतीवर बसवायचं, थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुस्स करून वास सोडतं. माझ्या आईने फार कौतुकाने तसंच एक आत्याला दिलं आणि आजीच्या पलंगाच्या पायथ्याशी, दाराजवळ लावायला सांगितलं. आजीचं तोंड भिंतीकडे असलं की तिला दार दिसत नाही. ते मशीन फुस्स करायचं आणि आजी विचारायची, "कोण आलं?"

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग पुन्हा फुस्स झालं आणि पुन्हा तिने विचारलं. दिवसभर हेच. आत्या स्वयंपाकघरातून हातातलं टाकून यायची आणि सांगायची की कोणी नाही आई, मशीन आहे. आजी मान हलवायची. पण तिला ते पटत नसावं, कारण पुढच्या फुस्सला डोळे उघडून परत दाराकडे वळायची धडपड करायची. शेवटी आत्याने ते मशीन काढून कपाटात टाकलं. पुढच्या खेपेला माझ्या आईला ते भिंतीवर दिसलं नाही, आणि तिने घरी येईपर्यंत गाडीत तेवढाच विषय लावून धरला. दिलेल्या वस्तूची किंमत नाही, म्हणाली. मी मागच्या सीटवर बसून दात आवळत होते.

सहलीचा दिवस जवळ आला तेव्हा काका एकटाच अचानक येऊन गेला. मी त्या दिवशी आजीचे केस विंचरायला गेले होते. त्याच्या हातात एक निळा डबा होता, त्यावर लाटा आणि होडीचं चित्र. "बेबीताई, हा घे. समुद्राची हवा आहे यात. आता मार घरभर आणि बस आरामखुर्चीत. जायची गरजच नाही, मी समुद्रच घरी आणून दिला तुला," असं म्हणून तो स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला. त्याला खरंच वाटलं असावं की आपण तिला खूश केलं. चहा पिऊन तो गेला.

आत्या तो डबा हातात धरून उभी होती. मला वाटलं रडेल. तिने डबा टेबलावर ठेवला, ओढणी कंबरेला खोचली आणि मला विचारलं, "तुझ्याकडे तुमच्या घराची किल्ली असते ना?" त्या आवाजात मी तिला पहिल्यांदा कात्री म्हणून ऐकलं.

मग ती आत जाऊन आजीच्या उशाशी बसली. तिने काही लपवलं नाही. मला समुद्रावर जायचंय, आठवडाभर दादाकडे राहशील का, असं तिने सरळ विचारलं. आजीने डाव्या हाताने तिचा हात चाचपला. "तू जा," म्हणाली. एवढंच, पण स्पष्ट.

ठरलेला रविवार आला. सगळ्यांनी दुपारी आत्याकडे जमून आठवड्याचा निकाल लावायचा होता. दुपारी लावून काय उपयोग होता, सहलीची बस संध्याकाळी सुटणार होती. म्हणजे तिला नाहीच म्हणायचं आणि तिने रडून-बिडून गप्प बसायचं, हे चौघांनी गृहीत धरलेलं होतं. काका-काकू सकाळीच गाडी घेऊन आले, आईबाबांना घेतलं आणि चौघे आधी बाहेर खाऊन मग खरेदी करून तिकडे जाणार म्हणून निघाले. त्यांची गाडी गेटबाहेर पडली तशी मी माझा पलंग ओढत हॉलमध्ये आणला, सोफा भिंतीला सरकवला आणि आत्याला फोन केला.

आजी रुग्णवाहिकेतून आली. दोन माणसांनी तिला स्ट्रेचरवरून अलगद उचलून पलंगावर ठेवलं. तिची हवेची गादी, औषधांचा डबा, धुतलेल्या चादरींचा गठ्ठा, फिरकीच्या झाकणाचा पेला, सगळं आत्याने पडद्याच्या कापडाच्या पिशव्यांत नीट भरून पाठवलं होतं. दिवसा सांभाळणारी बाई त्या दिवशी सुट्टी मोडून बरोबर आली. तिला म्हणे हे बघायचंच होतं. आजीला तिच्या हवाली करून मी आत्याकडे पोहोचले.

आत्याने खोली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धुऊन काढली होती. पलंगावर नवी कोरी चादर, खिडक्या सताड उघड्या. एअर फ्रेशनर एकही नाही. आजीच्या खोलीच्या दाराला कवाड नाही, पलंग आत नेताना ते काढावं लागलं होतं. तिथे आत्याने शिवलेला जाड, अस्तराचा पडदा असतो. तो तिने पूर्ण ओढून घेतला.

चौघे आले, बसले. आत्याने नेहमीसारखा चहा दिला. मग म्हणाली की आज तिने आणखी एक नवीन प्रकार लावलाय, कसा वाटतोय ते सांगा.

बाबांनी मोठा श्वास घेतला आणि मान हलवली. फरक आहे, म्हणाले, पण मूळचा वास आहेच. काकूने पदर नाकाशी नेला. माझी आई म्हणाली की सुगंध बरा आहे पण त्याच्या खालून तो येतोच. काका तर पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आत्ता आला बघ. आई आत्ता कुशीवर वळली वाटतं. तेव्हा हमखास येतो."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी उठून ओरडणार होते, पण आत्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी बसले. ही लढाई तिची होती.

"दादा, नक्की येतोय ना वास?" तिने विचारलं.

"अगं बेबी, खोटं कशाला बोलू? आईच आहे ती, आपल्याला का राग आहे तिचा? पण येतोय त्याला काय करणार? या अशात कोणी आठवडाभर राहायचं म्हणजे..." बाबांनी हात पसरले.

आत्या उठली आणि तिने पडदा उघडला. कड्या खळकन वाजत एका बाजूला गेल्या. आत पलंग, पलंगावर सुरकुती नसलेली चादर, आणि चादरीवर आत्याची प्रवासाची पिशवी.

काकूच्या हातातला पदर तसाच नाकाशी राहिला. मग काकाने घाबऱ्या आवाजात विचारलं, आई कुठाय?

"आई सकाळपासून दादाकडे आहे," आत्या म्हणाली. "आणि या घरात आज मी काहीच लावलेलं नाही. नुसत्या खिडक्या उघड्या आहेत. तुम्हाला कसला वास येतोय तो तुमचा तुम्ही शोधा. इतकी वर्षं मी आईला पुसत होते, धूत होते आणि वर तुमच्या नाकांसाठी दुकानं पालथी घालत होते. मला वाटायचं माझंच कुठेतरी कमी पडतंय."

बाबांनी तोंड उघडलं. तिने त्यांना बोलू दिलं नाही. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द कापडासारखा सरळ कापून टाकला. "गोळ्या डब्यात आहेत, वेळ वर लिहिलेली आहे. कूस तुम्हालाच बदलायची आहे, तिला दुखलं की ती सांगते. मी रविवारी येईन. त्याआधी फोन करू नका, मी उचलणार नाही."

मग तिने टेबलावरचा निळा डबा उचलून काकाच्या मांडीवर ठेवला. "हा घे तुझा समुद्र. मी खऱ्याकडे चाललेय." पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि गेली. जाताना घराची किल्ली मला दिली, भावांना नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत आधी सगळा राग माझ्यावर निघाला. आपल्याच आईबापाला फसवलंस, म्हणाली आई. फसवलं, आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटत नव्हतं, तसं मी सांगितलं. मग काकूने हळूच विचारलं की एक दिवस आड आमच्याकडे वगैरे नाही ना न्यायचं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. काका आम्हाला गेटवर सोडून, गाडी वळवून लगेच निघून गेला. वर यायचं त्याच्या लक्षातच आलं नाही म्हणे.

मी दार उघडलं. आमचा हॉल माझ्या आईचा अभिमान आहे. काचेचं कपाट, मऊ गालिचा, भिंतीवर ते मशीन. खिडक्या धुळीच्या भीतीने कायम बंद. त्या सगळ्याच्या मधोमध माझा पलंग आणि त्यावर आजी, तोंड भिंतीकडे. बाई तिच्या पायांना तेल लावत होती. आम्ही आत पाऊल टाकलं आणि मशीनने फुस्स केलं.

"कोण आलं?" आजीने विचारलं.

बाईने तिला काही सांगितलं नाही, ती बाबांकडे बघत राहिली. बाबा उंबऱ्यावर उभे होते, अगदी आत्याच्या घरी उभे राहतात तसे. पण हे त्यांचंच घर होतं, इथून उठून जाऊन बसायला दुसरा हॉल नव्हता. ते आत आले आणि पलंगाला वळसा घालून तिच्या समोर गेले.

"मी आलोय, आई," ते म्हणाले.

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या नाकपुड्या हलल्या. मशीनचा उग्र गोड वास हॉलभर दाटला होता, मलाही गुदमरायला होत होतं. तिने नाक आक्रसलं, मान उशीवर शक्य तेवढी लांब नेली आणि विचारलं, "कसला रे वास येतो तुझ्याकडे?"

माझ्या आईचा चेहरा पडला. आजी एकेक शब्द जुळवत म्हणाली, "इथे... कसं राहायचं?"

बाबा खिडकीकडे गेले. आमच्या हॉलची खिडकी इतकी वर्षं कोणी उघडलेली नव्हती की तिची कडी गंजून बसली होती. ते जोर लावत होते, ती हलत नव्हती, आणि पाठीमागे मशीन पुन्हा फुस्स करत होतं.

"कोण आलं?" आजीने विचारलं.

मी मशीन काढायला गेले नाही. हात बांधून उभी राहिले. बाबांनी कडी सोडली आणि परत तिच्या समोर येऊन सांगितलं की मीच आहे.